हायड्राचं मुकुल सुटताना

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा परिचर होतो. नमुना बघून ओळखायच्या, म्हणजे स्पॉटिंगच्या परीक्षेला टेबलावर जे काही मांडायचं असे, त्यात एक स्लाइड हमखास असायची : हायड्रा, मुकुलासह. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला दोऱ्यासारखा बारीक प्राणी, आणि मुकुल म्हणजे त्याच्या अंगावर फुटणारा कोंब. बोरॅक्स कारमाइनने गुलाबी रंगवलेला, कॅनडा बाल्सममध्ये कायमचा बसवलेला हायड्रा आणि त्याच्या कुशीला चिकटलेलं पिल्लू. मुलं यायची, डोकवायची, 'अलैंगिक प्रजनन' एवढं लिहायची आणि घंटा झाली की पुढच्या टेबलावर सरकायची. मी स्लाइड पुसून पेटीत ठेवायचो. जिवंत हायड्रा आणून मुलांना दाखवायचा विषय दरवर्षी निघे, पण अभ्यासक्रम संपवायच्या घाईत तो मागे पडे. मुकुल अंगावर असलेला हायड्रा मी शेकडो वेळा हाताळला असेन. मुकुल सुटताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलो. भाचीचा मुलगा यंदा दहावीला. त्यांच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात हे सगळं एका रांगेत येतं. अमिबा आणि पॅरामेशिअम हे एकपेशीय जीव, किण्व म्हणजे यीस्ट, हायड्रा, स्पायरोगायरा हे शेवाळ, प्लॅनेरिया हा चपटा कृमी, म्युकर ही बुरशी. प्रत्येकाला एक नाव, एक आकृती. पोरगं घडाघडा पाठ म्हणत होतं. यातलं काय काय पाहिलंयस, असं विचारल्यावर म्हणाला, "बगूचा खंय?" प्रश्न रास्त होता. जुना विद्यार्थी मायक्रोस्कोप मी लिलावात विकत घेऊन ठेवलेलाच होता. म्हटलं, चल, हायड्रापासून सुरुवात करू.

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्याचा इथे उपयोग नाही. हायड्रा गोड्या पाण्यातला. वहाळाच्या धावत्या पाण्यात किंवा म्हशी बसतात त्या डबक्यात तो शोधण्यात अर्थ नाही. पाणी संथ हवं, स्वच्छ हवं आणि आत पाणवनस्पती हव्यात. आमच्या देवळाच्या तळीत हे सगळं आहे. पावसाळ्यात ती लाल असते, दिवाळीनंतर निवळते, आणि थंडी पडायला लागली की हायड्राचा हंगाम. पायरीवर बसून मी शेवाळाचे झुबके आणि कुमुदाची जुनी, खालून बुळबुळीत झालेली पानं गोळा करत होतो. देवळात आलेल्या एकाने वरून विचारलं, "तात्यानु, मासे गावले काय?" बरणीत नुसता पाला बघून तो काही न बोलता गेला. गावात बातमी पोचायला तेवढं पुरेसं असतं.

पाण्यातून काढल्याबरोबर हायड्रा अंग आखडून टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होतो, त्यामुळे काठावर बसून तो शोधू नये. पाला पाण्यासकट काचेच्या बरणीत घालायचा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवायचा आणि हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी बरणीच्या उजेडाकडच्या काचेवर पाहायचं. मागे काळा कागद धरला की दिसतात : शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा एका टोकाला उसवावा तसे, सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी लांबीचे, तपकिरी. खालचं टोक काचेला चिकटलेलं आणि वरच्या टोकाला पाच-सहा शुंडके, म्हणजे भक्ष्य पकडायचे सोंडेसारखे धागे, पाण्यात सोडलेले. बरणीला टिचकी मारली की आखडतात, मग जरा वेळाने सावकाश पुन्हा लांब होतात. पोराला हे इतकं आवडलं की टिचक्या मारायला मला बंदी घालावी लागली.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. हायड्राला तांबं अजिबात चालत नाही. अगदी थोडं विरघळलेलं असलं तरी मरतो. आपल्याकडे पाणी भरायचं म्हणजे तांब्याचा हंडा, तांब्याची कळशी. ते पाणी बरणीत घालायचं नाही. आणि पोफळीच्या बागेखालच्या डबक्यातून तर पाणी आणूच नये. सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगासाठी बागायतदार पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद म्हणजे तांबंच. ज्याच्यासाठी ही फवारणी होते, तो फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीवही अलैंगिक रीतीनेच पसरतो. सुपारीच्या ओल्या सालीवर त्याच्या बीजाणूधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, तयार होतात, त्यांतून पोहणारे बीजाणू सुटतात आणि पाण्याच्या पातळ थरातून दुसऱ्या फळावर जातात. म्हणून सतत झड लागली की घोसच्या घोस गळतात. पोरांच्या पुस्तकात बीजाणूसाठी पावावरची बुरशी आहे. कोकणातल्या मुलाला पोफळीचं उदाहरण जास्त कळलं असतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन, तेही नको. तळीचंच पाणी फडक्यातून गाळून, रात्रभर स्थिर ठेवून वापरलं. हायड्राला वीस अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. आमच्याकडे ते मिळायचं ते डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच. दिवसा बरणी माजघरात जमिनीवर, भोवती ओलं फडकं.

खरी कसरत खाण्याची. हायड्रा जिवंत भक्ष्य धरतो. भाताचं शीत टाकून भागत नाही. सुरुवातीला तळीतलेच सायक्लॉप्स आणि पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले ठिपक्याएवढे कवचधारी जीव, फडक्याने गाळून घातले. पण त्यांच्याबरोबर नको ते किडेही येतात. मग मत्स्यालयाच्या दुकानातून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, अंडी आणली. कोळंबी संवर्धनवाले पिल्लांना हेच घालतात. खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसा-दीड दिवसात फुटतात आणि नारिंगी रंगाची, डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्लं बाहेर येतात. गोड्या पाण्यात ती धुऊन घ्यायची, कारण मीठ हायड्राच्या बरणीत जाता कामा नये, आणि ड्रॉपरने हायड्राच्या वर सोडायची.

पिल्लू शुंडकाला लागलं की जागीच थबकतं. शुंडकावरच्या दंशपेशींतून सुईसारखे तंतू सुटतात आणि भक्ष्य लुळं पडतं. शुंडक आखडतं, तोंड उघडतं, पिल्लू आत. शुंडकांच्या मधोमध तोंड आहे हे एरवी कळतसुद्धा नाही. भूक असेल तर एकामागून एक डझनभर पिल्लं जातात आणि मूळचा तपकिरी दोरा पोटाशी फुगून नारिंगी होतो. न पचलेलं नंतर त्याच तोंडातून बाहेर टाकतो. ते ड्रॉपरने काढलं नाही की पाणी नासतं, त्यामुळे खाऊ घातल्यावर काही तासांनी पाणी बदलायचंच. कॉलेजात साहेबांच्या टेबलावर चहा ठेवण्यापेक्षा हे काम जास्त वेळेवर करावं लागतं.

नियमित खाणं सुरू झाल्यावर मुकुलं यायला वेळ लागला नाही. अंगाच्या खालच्या भागात, तोंडापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर, एका बाजूला फुगवटी दिसली. दुसऱ्या दिवशी ती बोथट खुंटीएवढी झाली. मग खुंटीच्या टोकाला चार-पाच बारीक गाठी आल्या, हेच शुंडके. त्या लांब होत गेल्या आणि एके सकाळी आईच्या अंगावर आडवा उभा असलेला, पूर्ण तयार असा लहान हायड्रा दिसला. पुस्तकातली आकृती आणि आमच्या पेटीतली स्लाइड, दोन्ही इथे थांबतात.

खरी मजा याच्या पुढे. आईला आर्टेमिया घातला आणि तिला वॉचग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ बशीत, घेऊन भिंगाखाली ठेवलं. तिच्या पोटातला नारिंगी रंग हळूहळू खाली सरकला आणि वळणावरून मुकुलात शिरला. दोघांचं पोट एकच! मुकुल म्हणजे आईच्या अंगाची भिंतच बाहेर फुगलेली असते, तेव्हा आतली पोकळीही सलग असते. आई आखडली की नारिंगी रंगाची लाट मुकुलाच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. मी पोराला हाक मारली. तो बराच वेळ डोळा लावून बसला आणि मग म्हणाला, "आजोबानु, ह्येचा प्वाट भरला काय तेचाबी भरता." इतकं नेमकं वाक्य मी परीक्षेच्या पेपरात वाचलेलं नाही.

पुढच्या खाण्याच्या वेळी मुकुलाने स्वतःच एक पिल्लू पकडलं. आईच्या अंगाला चिकटलेलं असताना! त्याच्या तोंडातून गेलेला घास आईच्याही पोटात जाऊ शकतो, कारण दार अजून बंद झालेलं नाही. एकदा तर आईने आणि मुकुलाने एकच सायक्लॉप्स दोन बाजूंनी धरला. ओढाताण झाली, आई जिंकली.

दार बंद होतं ते मुकुलाच्या बुडाशी. तिथला भाग आवळत जातो, पोकळी मिटते. हे झाल्याची खूण तोच नारिंगी रंग : आईचं पोट रंगलेलं आणि मुकुल फिकं. त्यानंतर मुकुल आईला नुसतं चिकटलेलं असतं. त्याच्या बुडाला स्वतःची चिकटण्याची तबकडी तयार झालेली असते. सुटण्याचा क्षण पकडायला मोबाइल मायक्रोस्कोपच्या नेत्रिकेला लावून रात्री जागलो. घरचे म्हणाले, माडीवर टीव्ही आहे, तो बघा. शेवटी दिसलं ते असं : मुकुल लांब झालं, आखडलं, पुन्हा लांब होऊन काचेकडे वाकलं, शुंडके काचेला टेकले. आईही आखडली. बुडाशी एक धागाभर जोड उरला होता, तो ताणला आणि सुटला. आईच्या अंगावर बारीकसा टेंगूळ राहिला, सकाळपर्यंत तोही गेला. पिल्लू तिथेच काचेवर उलटं होऊन बूड टेकवून उभं राहिलं. फुगवटी दिसल्यापासून सुटेपर्यंत साधारण तीन-चार दिवस लागतात. खाणं भरपूर असेल तर पहिलं सुटायच्या आधीच दुसऱ्या बाजूला पुढचं डोकं काढतं.

पोराचा प्रश्न लगेच आला, "पण आवस खंयची ता कसा वळखूचा?" हायड्रात ते सोपं आहे. मोठी ती आई, ती होती तिथेच आहे. पण हाच प्रश्न बाकीच्यांना लावला तर उत्तरं वेगळी येतात, आणि पुस्तकात सगळ्यांना एकाच मथळ्याखाली बसवल्यामुळे ते लक्षात येत नाही.

पॅरामेशिअमसाठी भाताचा पेंढा उकळून, गार करून, त्यात तळीचं थोडं पाणी घालून झाकून ठेवलं. वर सायीसारखा थर येतो, वास येतो, मग काही दिवसांनी बरणी उजेडात धरली की पांढरे कण फिरताना दिसतात. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू विस्कटून टाकले नाहीत तर एकही पॅरामेशिअम नजरेसमोर टिकत नाही. विभाजन होणारा जीव थांबत नाही, पोहतच राहतो. मधोमध कंबर दिसते, ती बारीक होत जाते, पुढचा अर्धा एकीकडे ओढतो, मागचा दुसरीकडे, आणि अर्ध्या-पाऊण तासात दोघे वेगळे. आधी जो होता तो कुठे गेला? मेला असं म्हणायला प्रेत नाही. दोन्ही अर्ध्यांना उरलेला अर्धा नव्याने घडवावा लागला, म्हणून दोघांतला कोणीच आई नाही. आणि हे असं अनंतकाळ चालतं असंही नाही. पॅरामेशिअमचा वंश नुसता विभागत राहिला तर काही पिढ्यांनी मंदावतो. मध्ये केंद्रकाची नवी जुळणी झाली, दोन पॅरामेशिअम जोडीने चिकटून होणाऱ्या संयुग्मनातून किंवा काही जातींत एकट्यातच, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

किण्वासाठी शेजारच्या माडीवाल्या काकांकडे गेलो. सकाळची ताजी माडी, म्हणजे माडाचा आंबू लागलेला रस, वाटीभर मागितली तर म्हणाले, "तात्यानु, ह्या वयात घेवक लागलास?" म्हटलं, "पिवक न्हय ओ, बगूक व्हयी." त्यांनी अविश्वासाने दिली, वर आणखी एक तांब्या दिला. नीरा गोड ठेवायची तर मडक्याला आतून चुना लावतात. न लावता उतरवलेल्या रसात काही तासांत किण्व कामाला लागतात. चारशे पटीत पाहिलं तर अंडाकृती पेशींची गर्दी, आणि बऱ्याच पेशींना एका टोकाला बारीक कलिका, म्हणजे किण्वाचं मुकुलच. कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिनने बंद करून एकाच पेशीवर नजर ठेवली. चहा, पेपर आणि बाजारातून आणलेले बांगडे साफ करून होईपर्यंत कलिका आईच्या निम्म्याहून मोठी झालेली. हायड्राला दिवस लागतात ते इथे दीड-दोन तासांत होतं.

इथे आई ओळखता येते, पण तिची गोष्ट हायड्राच्या आईसारखी नाही. प्रत्येक कलिका सुटली की किण्वाच्या भिंतीवर एक गोल व्रण राहतो, आणि त्याच जागी पुन्हा कलिका सहसा येत नाही. आपल्या साध्या मायक्रोस्कोपात हे व्रण दिसत नाहीत, त्यासाठी चमकणारं रंगद्रव्य लावावं लागतं. पावात वापरतात त्या किण्वाची एक पेशी साधारण वीस-तीस कलिका देते आणि मग थकते, मरते. कलिका मात्र कोऱ्या पाटीने सुरुवात करते. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा पेशीतही म्हातारी कोण आणि तान्ही कोण हे ठरलेलं आहे.

आणि हायड्रा? डॅनिएल मार्टिनेझ या जीवशास्त्रज्ञांनी चार वर्षं हायड्रा पाळून, सुटलेली मुकुलं बाजूला काढत, मूळच्या हायड्रांवर लक्ष ठेवलं आणि 1998 मध्ये लिहिलं की वयाबरोबर मरण्याचं प्रमाण वाढताना दिसत नाही. अंगाच्या मधल्या भागातल्या पेशी सतत विभागत असतात, जुन्या पेशी दोन्ही टोकांकडे सरकून झडतात, आणि उरलेल्या वाढीचं मुकुल होतं. तिथे आई म्हातारी होत नाही. माझ्या गुडघ्यांनी ही माहिती मत्सराने ऐकली.

हायड्राचं हे बळ पहिल्यांदा नीट तपासलं ते अब्राहम ट्रेम्बले यांनी. हे जिनिव्हाचे, हॉलंडमध्ये हेगजवळ बेंटिंक नावाच्या सरदाराच्या मुलांना शिकवायला होते. 1740 मध्ये त्यांना डबक्याच्या पाण्यात हायड्रा सापडला. वनस्पती की प्राणी हे कळेना, म्हणून कापून पाहिला. दोन्ही तुकड्यांचे पूर्ण हायड्रा झाले. त्यांनी मुकुलंही महिनोन् महिने टिपली आणि 1744 मध्ये सगळं छापलं. त्यांच्याकडेही खोली, खिडकी, काचेची भांडी आणि शिकायला बसलेली पोरं, एवढंच होतं. पोराने कापण्याचा हट्ट धरला. नव्या ब्लेडने मधोमध एक कापला. तोंडाच्या तुकड्याला बूड आणि बुडाच्या तुकड्याला शुंडके आले. पुस्तकात हे पुनर्जनन म्हणून प्लॅनेरियाच्या नावावर आहे, पण हायड्राही त्यात कमी नाही. आपणहून मात्र तो असे तुकडे करून घेत नाही. त्याचा नेहमीचा मार्ग मुकुलाचाच.

मालवणच्या समुद्रात याची आणखी एक तऱ्हा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करणारे पर्यटक जे प्रवाळ बघून येतात, ते हायड्राचे भाऊबंद. या भागाला 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर केलं. प्रवाळाच्या एका पॉलिपला, म्हणजे वसाहतीतल्या हायड्रासारख्या एकट्या जीवाला, मुकुल येतं, पण ते सुटत नाही. आई, मुलगी, नात, सगळ्या शेजारी शेजारी, चुनखडीच्या एका घरात. ट्रेम्बले यांच्या भांड्यात जे तीन-चार दिवसांत वेगळं होतं, ते इथे एकत्र कुटुंबात राहतं आणि त्याचा दगड होतो. भाचीच्या मुलाला हे पटलं, कारण त्याच्या घरात अकरा माणसं आहेत.

जानेवारीत बरण्या वाढल्या. दोन हायस्कूलला पाठवल्या. एका बरणीत गर्दी फार झाली होती, तिथलं खाणं मी मुद्दाम थांबवलं. आधीची मुकुलं पूर्ण होऊन सुटली, नवीन यायची थांबली, हायड्रा आकाराने लहान व्हायला लागले. रात्री गारठाही होता. मग काहींच्या वरच्या अंगाला, शुंडकांच्या खाली, शंकूसारखे उंचवटे दिसले. मुकुल तिथे येत नाही आणि त्याचा आकारही असा नसतो. जास्त पटीत पाहिल्यावर शंकूच्या आत शुक्रपेशींची वळवळ दिसली. ही वृषणं. हालाखीची चाहूल लागली की हायड्रा लैंगिक प्रजननाकडे वळतो. फलित अंड्याभोवती टणक कवच येतं आणि ते वाईट दिवस काढू शकतं. आमची तळी एप्रिल-मेमध्ये एका कोपऱ्यात गोळा होते, तिथे मऊ मुकुलाचा काय निभाव लागणार.

त्यातल्या एका हायड्रावर खाली अर्धवट मुकुल आणि वर वृषणं, दोन्ही एकाच वेळी होती. पोराने वहीत अलैंगिक आणि लैंगिक असे दोन रकाने आखले होते. हायड्राचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं म्हणून तो थांबला, आणि मग मधल्या रेषेवरच लिहून मोकळा झाला. अंडाशय असलेला हायड्रा मात्र अजून सापडलेला नाही. त्यामुळे त्या बरणीला सध्या उपासच आहे.